बरगडीचा तुकडा

फॉर्मॅलिनच्या बाटलीत तळाशी पडलेला तुकडा आगकाडीहूनही बारीक असतो. बरगडीतल्या गाठीतून जाड सुईने काढलेला. मऊ गाठीचा असता तर लगेच मेणात बसवून कापता आला असता. हाडातलं कॅल्शियम मात्र पातं बोथट करतं, म्हणून ते आधी विरघळवावं लागतं. आम्लात हे काम लवकर होतं, पण पेशींमधला डीएनए खराब होतो. ईडीटीए या रसायनाचं द्रावण वेळ घेतं, पण डीएनए टिकवतं. तंत्रज्ञ ताई चिमट्याने तुकडा हलकेच वाकवून बघतात. ताठ लागला की पुन्हा द्रावणात. बाहेर घरचे लोक रिपोर्टसाठी ताटकळलेले असतात. हा उशीर का होतो, हे त्यांना कुणीतरी समजावून सांगायला हवं.

मग मायक्रोटोमवर चार-पाच मायक्रॉनचे काप निघतात, कोमट पाण्यावर पसरतात, काचेवर चढतात, गुलाबी-जांभळे रंगतात. तरीही पॅथॉलॉजिस्ट आधी सीटी स्कॅन मागतात, आणि ते मला फार पटतं. खोकून खोकून मोडलेली बरगडी जुळत असताना तिथलं नवं हाड मायक्रोस्कोपखाली ऑस्टिओसार्कोमा या हाडाच्या कॅन्सरसारखं दिसू शकतं. नुसत्या काचेवर विसंबलं तर धोका आहे.

गाठीचं नाव नेमकं ठरणं गरजेचं, कारण त्यावर उपचार पूर्ण बदलतात. मुलांमध्ये इविंग सार्कोमा हा कॅन्सर निघाला, तर बहुतेकदा ११ आणि २२ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल सापडते. तिथे आधी केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन. मोठ्या माणसांतल्या कॉन्ड्रोसार्कोमा या कूर्चेच्या कॅन्सरला केमो सहसा दाद देत नाही. गाठ भोवतीच्या निरोगी भागासकट काढावी लागते, कधी शेजारच्या बरगड्याही जातात. मोठी पोकळी राहिली तर तिथली छाती श्वासागणिक आत ओढली जाते, म्हणून जाळी आणि बोन सिमेंट बसवतात. सुई गेलेली वाटही त्याच वेळी काढायची असते. त्यामुळे सुई कुठून घालायची, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

प्रौढांच्या बरगडीतला कॅन्सर बहुधा स्तन, फुप्फुस, प्रोस्टेट अशा दुसऱ्या अवयवातून आलेला असतो; तेव्हा उपचार मूळ आजाराचा. आणि प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. फायब्रस डिस्प्लेशिया ही अशीच कॅन्सर नसलेली गाठ; ती दुखत नसेल तर बऱ्याचदा नुसती नजर ठेवतात. घरात छातीचा जुना एक्स-रे असेल तर तो जरूर न्यावा. डाग तेव्हाही तेवढाच होता असं दिसलं, तर कदाचित सुई टोचायचीही गरज पडणार नाही.