पाळीच्या पाण्याचें गांव : प्रिन्स आल्बर्ट

दक्षिण आफ्रिकेंत केप टाऊन शहरापासून सुमारें ४०० किलोमीटरांवर, स्वार्टबर्ग पर्वताच्या उत्तर पायथ्याशीं, प्रिन्स आल्बर्ट हें लहानसें गांव वसलेलें आहे. एका बाजूस उंच डोंगरकडे व दुसऱ्या बाजूस ग्रेट कारू हा विस्तीर्ण, रखरखीत प्रदेश; ह्या दोहोंमध्यें अंजीर, जर्दाळू व ऑलिव्ह यांच्या बागा पाहून प्रवाशास नवल वाटतें. पाऊस इतका थोडा असतां ही हिरवळ आली कोठून ?

ह्याचें उत्तर रस्त्याच्या कडेनें वाहणाऱ्या पाटांत आहे. डोंगरांतून येणाऱ्या नदीचें पाणी पाटांत वळवून तें उतारानें गांवांत खेळविलें आहे. आफ्रिकान्स भाषेंत ह्यास ‘लेइवाटर’, म्हणजे वळवून नेलेलें पाणी, असें म्हणतात. ज्याची पाळी असेल त्यानें नेमल्या वेळीं आपल्या बागेकडील झडप उघडावी, व वेळ संपतांच ती बंद करून पाणी पुढें जाऊं द्यावें, असा नियम आहे. आळस केला तर स्वतःची बाग सुकते. लोभ केला तर शेजाऱ्याची.

१७६२ सालीं येथें एक शेतवाडी होती. तिच्याभोंवतीं वस्ती वाढली व १८४५ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या पतीचें नांव गांवास मिळालें. पांढऱ्या भिंतींचीं व नक्षीदार त्रिकोणी दर्शनी भिंतींचीं जुनीं घरें आजही तेथें दिसतात.

गांवापासून जवळच स्वार्टबर्ग घाट आहे. टॉमस बेन ह्या कुशल बांधकाम-अधिकाऱ्यानें तो पुरा केला व १८८८ सालीं तो रहदारीस खुला झाला. घाटमाथा सुमारें १,५८० मीटर उंच आहे. चुन्यावांचून नुसते दगड रचून उभारलेल्या भिंती अद्याप रस्त्यास आधार देत आहेत. त्या दगडांना हात लावणारे बहुतेक मजूर कैदी होते. बेनचें नांव सर्वांस ठाऊक आहे. त्यांचीं नांवें कोणी घेत नाहीं.

गांवाच्या इतिहासाची दुसरी बाजूही जाणली पाहिजे. १९५० सालीं झालेल्या कायद्यानें त्या देशांत वर्णावरून राहण्याच्या जागा ठरविण्यांत आल्या. येथेंही गौरेतर कुटुंबांना जुनें गांव सोडून उत्तरेकडील वेगळ्या वस्तींत जावें लागलें. पाण्याचा हक्क माणसाला नसून जागेला जोडलेला. म्हणून पाटावरची जागा जिची गेली, त्या कुटुंबाची पाळीही गेली. तो कायदा १९९१ सालीं रद्द झाला, परंतु दोन वस्त्यांमधील अंतर कायद्याइतक्या लवकर मिटत नसतें.

तेथें जाणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें कीं, डिसेंबर व जानेवारी हे तेथील कडक उन्हाळ्याचे महिने. जून-जुलैंत रात्रीं फार थंड असतात व घाटावर कधीं बर्फही पडतें. हवा कोरडी असल्यामुळें रात्रीं तारे विलक्षण स्वच्छ दिसतात. राहावयास जाणाऱ्यानें आफ्रिकान्स शिकावी, कारण बहुतेकांची घरची भाषा तीच आहे.

विद्यार्थिमित्रहो, सुंदर गांव पाहतांना दोन प्रश्न अवश्य विचारावेत : हा रस्ता कोणीं बांधिला, आणि येथील पाणी कोणाकोणाच्या दारीं पोंचतें ? गांवाची खरी ओळख ह्या उत्तरांनीं होते.