बाघचे ‘प्रवाळ’ आणि आटलेला समुद्र

इंदूरच्या राजवाड्याभोवतालची काळी माती साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून घडली. या लाव्ह्याहूनही जुना, सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वीचा सागरी चुनखडक नैर्ऋत्येला, धार जिल्ह्यातील बाघ परिसरात आढळतो. नर्मदेच्या खोऱ्यात वरचा बेसॉल्ट झिजल्याने तो उघडा पडला. त्यातील एका थराला भूवैज्ञानिकांनी ‘कोरलाइन’, म्हणजे प्रवाळयुक्त, असे नाव दिले.

नाव मात्र फसवे ठरले. फांद्यांसारखे दिसणारे ते अवशेष प्रामुख्याने ब्रायोझोआ या वेगळ्याच प्राणिगटाचे आहेत. निव्वळ आकारावर विसंबले की अशी गल्लत होते. म्हणूनच जीवाश्म प्रवाळाची नवी जाती ठरविताना खडकाची पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. प्रवाळाच्या पेल्यात कडेकडून मध्याकडे येणारे उभे पडदे असतात. ब्रायोझोआंच्या चिमुकल्या कोठड्यांत ते नसतात. पडद्यांची संख्या आणि मांडणी ज्ञात जातींहून निराळी असेल, तरच नव्या नावाचा विचार होतो.

ओळख चुकली, तर प्राचीन समुद्राचा नकाशाही चुकतो. डंकन यांनी १८६५ मध्ये बाघच्या सी-अर्चिनांचे नाते अरबस्तानातील जीवाश्मांशी जोडले. आजच्या नकाशावर त्याहून जवळ असलेल्या तिरुचिरापल्लीच्या समकालीन थरांशी मात्र त्यांचे साम्य कमीच. त्यावरून पुढे अनुमान निघाले, की हा समुद्र पश्चिमेकडून नर्मदेच्या पट्ट्यात शिरला होता आणि दक्षिणेकडील समुद्राशी त्याचा थेट संबंध नव्हता. मध्ये जमीन होती.

‘कोरलाइन’ हे चुकीचे नाव अभ्यासकांच्या लेखनात अजूनही टिकून आहे.