जपानी संडास आणि आपला तांब्या

लेणी पाहायला जपानी पाहुणे आपल्या फर्दापूरवरून जातात. त्यांच्या घरी संडासाच्या भांड्यावर विजेवर चालणारी बैठक असते. बटण दाबलं की बारीक नळी पुढे येते, कोमट पाण्यानं धुते आणि परत आत जाते. टोटो कंपनीनं ती १९८० साली 'वॉशलेट' नावानं आणली. त्याआधी तिथं बहुतेक ठिकाणी कागदच चाले. आपला तांब्या तर कधीचा आहे!

आम्हाला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. आपला आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिथल्या बायका पुन्हा पुन्हा पाणी सोडत. ते वाया जातं म्हणून १९८८ साली पाण्याचा नुसता आवाज करणारं यंत्र निघालं. म्हणजे लाज तिकडंही आहेच. आपण मात्र लाजेपायी अंधार पडेस्तोवर लघवी दाबून धरतो, आणि मग जळजळ सुरू होते. तसं करू नका. धुताना हात पुढून मागं न्या, घाण लघवीच्या जागी जात नाही.

ती बैठक आपल्या उकिडव्या भांड्यावर बसत नाही, वीज गेली की बंद. पण संडासाच्या चपला ते वेगळ्या ठेवतात, ते आपल्याला जमेल. गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंसाठी भिंतीला धरायला एक दांडाही बसवून घ्या.