कोष्टकापासून संगणकापर्यंत : वितरण फलन आणि वीस बोंडांचा निर्णय

प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १७ डिसेंबर १९३१ रोजी कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्थेची स्थापना केली. तिचे आरंभीचे काम प्रेसिडेन्सी कॉलेजातील सांख्यिकी प्रयोगशाळेत चालत असे. पुढच्याच वर्षी महालनोबिस यांनी ‘इंडियन जर्नल ऑफ ॲग्रिकल्चरल सायन्स’मध्ये काही कोष्टके प्रसिद्ध केली. ती ज्या लेखमालेत आली, तिचे शीर्षकच ‘कृषी कार्यकर्त्यांसाठी सांख्यिकी टिपणे’ या अर्थाचे होते.

त्या कोष्टकांमागील अडचण व्यावहारिक होती. पीकप्रयोगांतील फरक खरा की योगायोगाचा, हे ठरविण्यासाठी फिशर यांनी ‘झेड’ चाचणी दिली होती. दोन प्रचरणांच्या गुणोत्तराचा स्वाभाविक लॉगरिथम काढून त्याचे अर्धे केले की झेड मिळतो. प्रक्षेत्रावर काम करणाऱ्याच्या हाताशी स्वाभाविक लॉगरिथमची कोष्टके असतीलच असे नाही. म्हणून महालनोबिस यांनी गुणोत्तर थेट पडताळता येईल अशी कोष्टके तयार केली. १९३४ साली स्नेडेकर यांनी याच गुणोत्तराला ‘एफ’ हे नाव दिले आणि आज प्रत्येक कृषी विद्यापीठात तेच रूढ आहे.

या परंपरेत मराठी नावेही आहेत. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी दोन नमुन्यांच्या सरासरींतील फरकाच्या बेरेन्स-फिशर चाचणीची कोष्टके गणिली. ती १९३८ साली कोलकात्याच्या ‘संख्या’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. डॉ. वि. गो. पानसे आणि डॉ. सुखात्मे यांचा कृषी कार्यकर्त्यांसाठीचा सांख्यिकी ग्रंथ भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५४ साली प्रकाशित केला. त्यानंतर १९५५-५६ च्या सुमारास कोलकात्याच्या याच संस्थेत इंग्लंडहून आणलेला ‘एचईसी-२एम’ हा देशातील पहिला अंकीय संगणक बसला. हाताने फिरवायच्या गणकयंत्रावर दिवसेंदिवस चालणारे काम पुढे क्षणांवर आले. आज ते विस्तार कार्यकर्त्याच्या लॅपटॉपवर विनामूल्य होते.

चार अक्षरे, चार प्रश्न

ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी विकसित केलेल्या ‘आर’ या संगणकीय भाषेची पहिली पूर्ण आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी निघाली. तिच्यात प्रत्येक वितरणाच्या नावामागे चारपैकी एक अक्षर लागते आणि प्रत्येक अक्षर वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते.

‘डी’ नेमक्या त्या संख्येची संभाव्यता सांगते. सलग वितरणांत ती घनता असते. ‘पी’ त्या संख्येपर्यंतची एकत्रित संभाव्यता, म्हणजेच संचयी वितरण फलन, देते. ‘क्यू’ उलट दिशेने जाते आणि दिलेली संभाव्यता कोणत्या मूल्यापाशी पूर्ण होते ते सांगते. ‘आर’ हे अक्षर त्या वितरणातून यादृच्छिक संख्या काढून देते. जुनी छापील कोष्टके मुख्यतः ‘पी’ आणि ‘क्यू’ यांचीच उत्तरे असत.

उदाहरणार्थ, सात प्रक्रिया आणि तीन पुनरावृत्त्यांच्या यादृच्छिक गट आराखड्यात प्रक्रियांची मुक्तता मात्रा ६ आणि त्रुटीची १२ असते. ‘क्यूएफ(०.९५, ६, १२)’ असे लिहिले की २.९९६ हे उत्तर येते. पाठ्यपुस्तकाच्या मागील कोष्टकात तेच ३.०० असे छापलेले आढळते.

वीस बोंडे काय सांगतात?

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीसाठी २० झाडांवरून प्रत्येकी एक हिरवे बोंड तोडून, ते फोडून पाहण्याची शिफारस सर्वपरिचित आहे. दोन बोंडांत अळी आढळली की प्रादुर्भाव १० टक्के, म्हणजे आर्थिक नुकसानीची पातळी गाठली, असे मानले जाते. बोंड फोडणे आवश्यक असते, कारण अळी आत शिरल्यावर छिद्र बुजून जाते आणि बाहेरून बोंड निरोगी दिसते.

समजा शेतातील प्रादुर्भाव खरोखरच १० टक्के आहे. तरीही २० बोंडांत दोनपेक्षा कमी किडकी बोंडे आढळण्याची शक्यता किती? हा द्विपद वितरणाचा प्रश्न आहे. ‘पीबायनॉम(१, २०, ०.१०)’ याचे उत्तर ०.३९२ येते. म्हणजे अशा शंभर शेतांपैकी सुमारे ३९ शेतांत ‘पातळी गाठली नाही’ असा निष्कर्ष निघेल आणि तो चुकीचा असेल.

प्रादुर्भाव २० टक्के असेल तर ही चूक सुमारे ७ टक्क्यांवर येते. उलट प्रादुर्भाव केवळ ५ टक्के असताना दोन किंवा अधिक बोंडे किडकी निघून अकाली फवारणीचा सल्ला दिला जाण्याची शक्यता सुमारे २६ टक्के असते. एका चुकीत पीक हातचे जाते. दुसऱ्या चुकीत औषधाचा व मजुरीचा खर्च वाया जातो आणि मित्रकीटकही मरतात.

नमुना ४० बोंडांचा घेऊन चार किडक्या बोंडांवर निर्णय घेतला तर २० टक्के प्रादुर्भाव नजरेतून सुटण्याची शक्यता ७ वरून सुमारे ३ टक्क्यांवर उतरते. ५ टक्क्यांवर अकाली फवारणीची शक्यता २६ वरून सुमारे १४ टक्के होते. मात्र प्रादुर्भाव नेमका १० टक्के असताना ४० बोंडांतही पातळीखालचे उत्तर मिळण्याची शक्यता सुमारे ४२ टक्के राहते. नमुना वाढविल्याने उंबरठ्याच्या अगदी काठावरचा संभ्रम मिटत नाही. उंबरठ्यापासून दूर असलेली शेते मात्र अधिक स्पष्टपणे वेगळी करता येतात.

यावरून २० बोंडांची शिफारस निरुपयोगी ठरत नाही. तिच्या उत्तराचे वजन किती धरावे, एवढे कळते. वीसपैकी एक बोंड किडके निघाले तर ‘प्रादुर्भाव नाही’ असे लिहू नये. आणखी २० बोंडे पाहावीत, डोमकळ्यांची आणि कामगंध सापळ्यांतील पतंगांची नोंद तिच्याशी जुळवावी आणि निरीक्षण लवकर पुन्हा करावे.

कीड विखुरलेली नसते

द्विपद वितरणाची एक अट आहे : प्रत्येक बोंड स्वतंत्र असले पाहिजे. एकाच कोपऱ्यातील किंवा एकाच झाडावरील २० बोंडे घेतली तर ही अट मोडते आणि वरील सर्व आकडे निरर्थक ठरतात. वेगवेगळी २० झाडे घ्यावी लागतात ती यासाठीच.

मावा तर वसाहतीने राहतो. प्रतिपान सरासरी दोन मावा असतील आणि ते निव्वळ यदृच्छेने विखुरलेले असतील, तर प्वासाँ वितरणानुसार सुमारे १३.५ टक्के पाने रिकामी सापडावीत. तेच मावा पुंजक्यांत असतील आणि ऋण द्विपद वितरणाचा पुंजीकरणांक ‘के’ ०.५ असेल, तर सुमारे ४५ टक्के पाने रिकामी असतात. सरासरी तीच असूनही चित्र अगदी वेगळे असते. घाईने चार-पाच पाने पाहून परतणारा निरीक्षक अशाच शेतात फसतो.

गणिताना घ्यावयाची काळजी

पहिली चूक ‘पर्यंत’ आणि ‘पेक्षा कमी’ यांच्या गोंधळातून होते. ‘पी’ फलन दिलेली संख्या धरून मोजते. ‘दोन किंवा अधिक’ हवे असेल तर एकमधून ‘पीबायनॉम(१, …)’ वजा करावे. तेथे २ लिहिल्यास दोन बोंडांची संभाव्यता हरवते.

दुसरी चूक अतिशय लहान संभाव्यतेची. संगणक सुमारे १६ सार्थ अंकच जपतो. प्रसामान्य वितरणात सरासरीच्या वर १० प्रमाण विचलनांपलीकडील संभाव्यता एकमधून वजाबाकी करून काढली तर उत्तर शून्य येते. फलनातच वरच्या टोकाचा पर्याय निवडल्यास अत्यल्प, पण खरे मूल्य मिळते.

तिसरी चूक प्राचलांच्या क्रमाची. ‘आर’ भाषेतील प्रसामान्य वितरणाला प्रचरण नव्हे, प्रमाण विचलन द्यावे लागते. ऋण द्विपद फलन तिसऱ्या जागी संभाव्यता अपेक्षिते. तेथे नाव न लिहिता सरासरी २ दिली तर उत्तर संख्येत मिळतच नाही. सरासरी द्यायची असेल तर ‘म्यू’ हे नाव लिहूनच द्यावी.

‘आर’ वापरणे शक्य नसेल तर एक्सेलमधील ‘बायनॉम डॉट डिस्ट’ हे सूत्र हेच द्विपद गणित करते. संचयी उत्तरासाठी शेवटचा पर्याय ‘ट्रू’ ठेवावा. कोणतेही साधन वापरले तरी सुरुवातीला एक माहीत असलेले उत्तर पडताळून पाहावे. ‘पीनॉर्म(१.९६)’ याचे उत्तर ०.९७५ आले की साधन आणि ते वापरणारा दोघेही योग्य मार्गावर आहेत असे समजावे.

महालनोबिस यांच्या काळी कोष्टक नसल्यामुळे निर्णय अडत असे. आज गणित क्षणात होते, परंतु शेतात फिरून योग्य झाडांवरची बोंडे तोडणे आणि फोडून पाहणे अजूनही माणसालाच करावे लागते. संगणकाच्या उत्तराची किंमत त्या वीस बोंडांइतकीच असते.