‘भिंतीपासून नऊ इंच’ : एका मापाचा अर्थविचार

शौचकूपाचे भांडे बसविणे हा विषय या पत्रिकेच्या कक्षेबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु प्रस्तुत लेखकाच्या घरी भांडे बसेना म्हणून नवी कोरी फरशी फोडावी लागली, आणि चुकीचा माग घेता ती हाताची नसून भाषेची होती असे दिसून आले. गवंडी, प्लंबर आणि घरमालक या तिघांनीही ‘भिंतीपासून नऊ इंच’ असेच म्हटले होते. तिघांच्या मनातील भिंत मात्र वेगळी होती.

ज्या भांड्याची नळी खाली जमिनीत उतरते, त्यास व्यवहारात ‘एस ट्रॅप’ म्हणतात. तेथे मागील भिंत आणि जमिनीतील पाइप यांमधील अंतर निर्णायक असते. (नळी मागे भिंतीत जात असेल, तर तो ‘पी ट्रॅप’, तेथे प्रश्न मुख्यतः उंचीचा असल्याने तो येथे सोडून देऊ.) आपल्याकडे अशी भांडी साधारणतः ४, ९ वा १२ इंचांच्या, म्हणजे कारखान्यांच्या हिशेबाने १००, २२५ वा ३०० मिलिमीटरांच्या, अंतरासाठी घडविलेली मिळतात. हे अंतर लादी बसून पूर्ण झालेल्या भिंतीच्या पृष्ठभागापासून पाइपच्या मध्यबिंदूपर्यंत मोजावयाचे असते. ‘पूर्ण झालेल्या’ आणि ‘मध्यबिंदू’ ही दोन पदे बोलण्यात गळून पडतात.

पाणिनीच्या व्याकरणात अपादान म्हणजे ज्यापासून काही दूर होते तो ध्रुव, स्थिर बिंदू. बांधकाम चालू असलेली भिंत ध्रुव नसते. ती पुढे सरकत असते. जमिनीत पाइप घालतात तेव्हा ती बहुधा उघडी वीट असते. त्यावर आमच्या घरी १५ मिलिमीटर गिलावा आणि मसाल्यासह लादीचे २० मिलिमीटर चढले. भिंत ३५ मिलिमीटरांनी पुढे आली. तेव्हा लादीपासून २२५ हवे असतील, तर विटेपासून २६० घ्यावयास हवे होते.

दुसरे टोकही तितकेच निसरडे. पाइपचा बाहेरील व्यास ११० मिलिमीटर. कड धरली की मध्य ५५ मिलिमीटरांनी सरकतो. आमच्याकडे दोन्ही चुका एकाच दिशेने झाल्या. विटेपासून पाइपच्या पलीकडच्या कडेपर्यंत २२५ मोजल्याने मध्य विटेपासून १७० वर, आणि लादीपासून अवघ्या १३५ वर आला. नव्वद मिलिमीटरांची ही तूट वाकड्या जोडाने भरून निघण्यासारखी नव्हती. अंतर अधिक झाले असते, तर टाकीमागे फट राहिली असती, तिच्यात धूळ साचली असती, पण काम निभावले असते. उणे पडले की भांडे भिंतीला टेकते आणि त्याचे तोंड पाइपवर येतच नाही. मग फरशी, तिच्याखालचा कोबा आणि पाणी अडविणारा थर हे सारेच उकलावे लागते.

अमेरिकेतील कारागीर याच अंतरास ‘रफ-इन’ म्हणतात. तेथे १२ इंच हे रूढ माप असून १० व १४ इंचांची भांडीही मिळतात. संज्ञा मोठी फसवी आहे. ‘रफ’ म्हणजे कच्चे, कारण पाइप कच्च्या कामाच्या टप्प्यावर पडतो. माप मात्र पक्क्या भिंतीपासून, तेही तळच्या पट्टीची जाडी सोडून, घेतात. नाव कामाच्या वेळेवरून पडले, आधारबिंदूवरून नव्हे. मराठीत या अंतराला स्वतंत्र नावच नाही, ही कदाचित इष्टापत्तीच होय.

उपाय प्लंबरनेच दाखविला. मसाल्याच्या जाडीची चीप मागे घालून लादीचा तुकडा गिलाव्यावर टेकवावा, आणि टेप त्याच्या दर्शनी बाजूला लावावी. गिलावाही झालेला नसेल, तर त्याची जाडी अगोदर धरावी. आमच्या दुसऱ्या स्नानगृहात, जेथे अजून वीट उघडी होती, त्याने भिंतीवर खडूने ‘वीट २६० मध्य’ एवढेच लिहिले. ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ दोन्ही गेले; अर्थ मात्र जागच्या जागी राहिला.