‘बघू नंतर’ म्हणणाऱ्या मुलांसाठी

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला ‘पुढे काय करणार?’ असे विचारले की बहुधा दोनच उत्तरे येतात. एक तर ‘कलेक्टर होणार’, नाही तर ‘बघू नंतर’. पहिले ऐकून आपण सुखावतो, दुसरे ऐकून चिडतो. ‘आम्ही रक्ताचं पाणी करतो आणि याला काही पडलेलंच नाही!’ आमचे म्हणणे असे, की या दोन्ही उत्तरांमागे बरेचदा एकच अडचण असते. मुलाला मधली वाट दिसत नसते.

अकरा-बारा वर्षांनंतर मूल डोळ्यांपुढे नसलेल्या गोष्टींचाही नीट विचार करू लागते, ‘असे झाले तर काय’ हे त्याला सुचू लागते, असे स्विस मानसशास्त्रज्ञ ज्यां पियाजे यांनी मांडले. म्हणजे उद्याचा विचार करण्याची ताकद याच वयात येते. १९८६ साली अमेरिकेतील हेझेल मार्कस आणि पॉला न्यूरियस यांनी त्यात भर घातली. माणसाच्या मनात उद्याच्या स्वतःची अनेक चित्रे असतात. काही हवीशी, काही भीतीची.

आपल्या घरांत भीतीचे चित्र रोज दाखवले जाते. ‘शिकला नाहीस तर माझ्यासारखं गेटवर उभं राहावं लागेल,’ असे वॉचमनची नोकरी करणारा बाप म्हणतो. कळकळीनेच म्हणतो. पण १९९० साली डाफ्ना ऑयझरमन आणि मार्कस यांनी अमेरिकेतील शहरी मुलांचा अभ्यास केला, तेव्हा वाईट मार्गाला लागलेल्या मुलांत भीती होती, पण त्या भीतीला तोडीस तोड अशी आशा कमी दिसली. नुसत्या भीतीने मूल पळते, कुठे पळायचे ते तिला सांगता येत नाही. शिवाय बापाच्या प्रामाणिक कष्टाचे बुजगावणे कशाला करायचे?

दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. लिंडा गॉटफ्रेडसन या अभ्यासक बाईंनी १९८१ साली दाखवून दिले, की मुले स्वप्ने वाढवत नेतात त्यापेक्षा ती छाटत नेतात. सहा ते आठ वर्षांत ‘हे बायकांचे काम, हे पुरुषांचे’ म्हणून काही दारे बंद होतात. नऊ ते तेरा वर्षांत ‘हे आपल्यासारख्यांना जमणारे नाही’ म्हणून आणखी काही. कोणी नकार दिलेला नसतो, मूल स्वतःच कडी लावते. आपल्या मुलींच्या बाबतीत तर दोन्ही कड्या लागतात.

आता आपले सीबीडी बेलापूर पाहा. सिडको भवन, कोकण भवन, रिझर्व्ह बँक, महानगरपालिकेचे मुख्यालय. आपल्यातले कितीतरी आईबाप इथल्या कचेऱ्यांत झाडलोट, पहारा, ड्रायव्हरकी, कँटीन सांभाळतात. मुलांना इमारती ठाऊक असतात, आत कोण काय करतो ते ठाऊक नसते. नगररचनाकार, भूमापक, आरेखक, लेखापरीक्षक ही माणसे काय शिकून तिथे बसली? आपण त्यांना रोज चहा देतो, तर एकदा हेही विचारावे. ‘साहेब, यासाठी दहावीनंतर काय करावं लागतं?’ एवढे विचारण्यात कमीपणा नाही.

राज्यात २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कलचाचणी झाली. ललित कलेपासून गणवेशधारी सेवांपर्यंत सात क्षेत्रांतला कल त्यात पाहिला जाई. चाचणी चांगली. पण कल कळला म्हणजे वाट कळली असे नाही. बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले, हुशारीत काही कमी नव्हते. तरी पैशाअभावी पुढचे शिक्षण अडायची वेळ आली, तेव्हा केळुस्कर गुरुजींच्या खटपटीने सयाजीराव महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. वाट माहीत असलेला माणूस वेळेवर भेटला.

ऑयझरमन यांनी पुढे डेट्रॉइटच्या गरीब वस्त्यांतील आठवीच्या मुलांबरोबर काम केले. त्यात मुलांकडून एक रेघ काढून घेत. एका टोकाला आज, दुसऱ्या टोकाला मोठेपण. मध्ये फाटे आणि अडथळेही मुलांनीच काढायचे. या कामाचा अहवाल २००६ साली आला. त्या मुलांची हजेरी आणि मार्क सुधारले होते, दोन वर्षांनंतरही फरक टिकून होता. अडथळा आला म्हणजे आपण नालायक, असे त्यांना वाटेनासे झाले होते. तो रेघेवर आधीच काढलेला होता ना!

हे घरी करायला वहीचा एक कागद पुरे. रविवारी जेवणानंतर मुलांबरोबर बसा, आणि पेन मात्र मुलाच्याच हातात द्या. दहावीनंतर आयटीआय, डिप्लोमा, अकरावी असे तिन्ही फाटे काढू द्या. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज, क्लासची फी, गणिताची भीती हे अडथळे म्हणून लिहू द्या. मुलगी असेल तर ‘लग्न’ हा अडथळा ती लिहील. लिहिलाच तर रागावू नका, कोणत्या वर्षापुढे ढकलायचा ते तिलाच विचारा. शेवटी, रेघेच्या ‘आज’ लिहिलेल्या टोकाजवळ, या आठवड्यात करायचे एकच काम लिहून घ्या. उत्पन्नाच्या दाखल्याला कोणते कागद लागतात ते विचारून येणे, एवढेही चालेल.