पितृवंश आणि ‘अँग्लो-इंडियन’ ही संज्ञा

शिरूर आणि दौंड या पुणे जिल्ह्यातील दोन्ही गावांस युरोपियनांचा सहवास घडला. परंतु त्याचे अवशेष सारखे नाहीत. शिरूर हे कंपनी सरकारच्या फौजेचे ठाणे होते. कोरेगावच्या लढाईत उतरलेली तुकडी ३१ डिसेंबर १८१७ रोजी येथूनच निघाली होती. पुढे फौज गेली, थडगी राहिली. १८०९ साली वारलेल्या कर्नल वॉलेसच्या थडग्याची आसपासचे लोक ‘सत्पुरुष’ म्हणून पूजा करीत, अशी नोंद जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. परका मनुष्य येथे कोणाचा पूर्वज न होता दैवत झाला!

दौंडास तो पूर्वज झाला. १८७८ साली मनमाडचा मार्ग येऊन मिळाला, दौंड जंक्शन बनले आणि रेल्वेच्या नोकरीनिमित्त अँग्लो-इंडियन कुटुंबे तेथे वसली. या कुटुंबांची ओळख ज्या शब्दात साठविली आहे, त्या शब्दाचा अर्थ मात्र स्थिर नव्हता. एकोणिसाव्या शतकात ‘अँग्लो-इंडियन’ म्हणजे हिंदुस्थानात राहणारा इंग्रज. मिश्र संततीस ‘युरेशियन’ म्हणत. १९११ च्या जनगणनेपासून सरकारदरबारी पहिला शब्द दुसऱ्याच्या जागी आला.

संविधानाच्या ३६६ व्या अनुच्छेदाने या शब्दास पितृवंशाची अट घातली आहे. पिता किंवा पित्याच्या वंशातील कोणी पुरुष युरोपीय असावा, आणि व्यक्ती येथेच कायम राहणाऱ्या मातापित्यांच्या पोटी जन्मलेली असावी. तेव्हा पोर्तुगीज पणजोबांचा पणतूही, तो पित्याच्या बाजूचा असल्यास, ‘अँग्लो’ ठरू शकतो. इंग्रज आजोबांच्या मुलीने समाजाबाहेर विवाह केला तर तिची मुले ठरत नाहीत. रक्त तेच, परंतु संज्ञा लागत नाही. व्युत्पत्तीपेक्षा कायदा बलवत्तर असतो तो असा.

या संज्ञेस भाकरीही जोडलेली होती. रेल्वे, जकात आणि टपाल-तार या खात्यांतील नेमणुकांत समाजास मिळालेले संरक्षण ३३६ व्या अनुच्छेदान्वये टप्प्याटप्प्याने कमी होत १९६० साली संपले. स्वातंत्र्यानंतर अनेक कुटुंबे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा येथे गेली.

गोऱ्या अमेरिकनांशी तुलना केल्यास फरक उठून दिसतो. तेथे १९८० च्या जनगणनेने मूळ वंश विचारला आणि उत्तर ज्याचे त्याने लिहावयाचे होते. समाजशास्त्रज्ञ मेरी वॉटर्स यांनी १९९० साली दाखविले की, आयरिश, जर्मन, इटालियन अशा अनेक पूर्वजांतून मनुष्य आवडीचा एक पत्करतो, बाकीचे विसरतो. आईकडील पूर्वजही चालतो. त्यावर नोकरी अवलंबून नसल्याने ही निवड स्वस्त पडते.

आपल्याकडे ती सोय नव्हती. डिसेंबर २०१९ मध्ये संसदेत २०११ च्या जनगणनेच्या आधारे अँग्लो-इंडियनांची संख्या २९६ सांगण्यात आली. समाजाच्या प्रतिनिधींनी ती अमान्य केली. जानेवारी २०२० मध्ये लोकसभेतील नामनियुक्त जागा संपल्या. वस्तुतः त्या जनगणनेत धर्म आणि मातृभाषा विचारली होती. अनुसूचित जाती-जमाती सोडल्यास समाज विचारलेला नव्हता. दौंडच्या इंजिन ड्रायव्हरचा नातू तेथे ख्रिस्ती आणि इंग्रजीभाषक एवढाच नोंदला गेला असणार.